आमचा आकडा आम्हीच मोजू

नागपुरात सदरच्या ऑफिसात साहेबांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, एखादा लॉट परत आला असणार. आमचा कारखाना हिंगण्याच्या एमआयडीसीत, बोल्ट बनवणारा. तिथल्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं काम करते. बोल्ट तुटला तर का तुटला, पोलादात कार्बन किती, गंधक किती, हे सांगणं माझं काम. साहेब म्हणजे आमचे मालक. ते सदरला बसतात आणि तिथून मला बोलावणं येतं ते तक्रारीसाठीच.

त्या दिवशी तक्रार नव्हती. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. जर्मनीतल्या आमच्या खरेदीदाराने एक एक्सेल फाइल पाठवली होती. पानांवर पानं होती, पण सगळ्यांचा मिळून प्रश्न एकच: तुमचा एक टन बोल्ट तयार होईपर्यंत हवेत किती कार्बन डायऑक्साइड गेला?

मला हसू आलं. पोलादातला कार्बन मी आयुष्यभर मोजत आले होते. हवेत गेलेला कार्बन मला आजवर कोणी विचारला नव्हता.

साहेबांनी त्यांना कळलं होतं तेवढं सांगितलं. युरोपातल्या कारखान्यांना आपल्या धुराचे पैसे भरावे लागतात. मग बाहेरून येणारा माल त्यातून का सुटावा, म्हणून पोलाद, सिमेंट, खत अशा मालामागे किती धूर झाला ते आता सीमेवर विचारणार. सध्या फक्त माहिती द्यायची, पुढे त्यावर शुल्क लागणार. बोल्ट त्या यादीत होता.

"पुण्याचा एक सल्लागार पकडला आहे," साहेब म्हणाले. "तो सगळं भरून देतो. तुम्ही फक्त सही करा मॅडम. क्वालिटीची सही लागते."

सल्लागाराने भरलेली फाइल मी पाहिली. महत्त्वाच्या सगळ्या रकान्यांत एकेक आकडा तयार बसला होता. मी फोन करून विचारलं, हे आकडे कुठून आणले? तो म्हणाला, "डिफॉल्ट व्हॅल्यू आहेत मॅडम. तुमचा स्वतःचा आकडा नसेल तर युरोपवाल्यांच्या पुस्तकातला आकडा चालतो."

मी सही केली. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं ऐकून कोणाला वाटेल की मी पहिल्यापासून मोठी लढवय्यी होते. मी नव्हते. मला बेसाला घरी पोचायचं होतं, आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि तो आकडा कोणाचा आहे याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. असे दोन-तीन अहवाल माझ्या सहीने गेले.

मग एका दुपारी त्या खरेदीदाराकडच्या, जर्मनीच्या बाईंनी व्हिडिओवर बैठक घेतली. साहेब, मी, आणि पुण्याहून सल्लागार. बाई बोलायला सभ्य होत्या, मुद्द्यावर मात्र पक्क्या. पुस्तकातला आकडा आता चालणार नाही, म्हणाल्या. आणि चालला तरी तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो, म्हणजे तुमच्या मालावर शुल्क जास्त बसणार. तसं झालं तर आम्हाला दुसरीकडून बोल्ट घ्यावे लागतील. मी विचारलं, हा आकडा आमच्या कारखान्याच्या मानाने एवढा मोठा कसा? त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "स्वतःची मोजमापं नसतील तर भारतातून येणारा माल साधारण असाच असतो, असं धरून चालावं लागतं."

धरून चालावं लागतं. बैठक संपली तरी ते वाक्य माझ्या डोक्यात तसंच बसून राहिलं.

मी उत्तर नागपुरात वाढले. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, त्यानंतर आमच्या घरात कोणी कोणासमोर मान खाली घातली नाही. पण बाहेरचे लोक आपल्याबद्दल एक आकडा आधीच मनात धरून येतात, हे मला कॉलेजच्या पहिल्याच दिवशी कळलं. प्रयोगशाळेतल्या सरांनी माझं आडनाव विचारलं आणि पुढे मार्क विचारलेच नाहीत. त्यांनी ते धरून टाकले होते. माझे मार्क वर्गातल्या बहुतेकांपेक्षा जास्त होते. मी ते सांगितले नाहीत, आणि का सांगितले नाहीत याचा राग मला पुढे कित्येक वर्षं आला. त्या दुपारी जर्मनीच्या बाईंच्या वाक्याने तो राग मला नवा करकरीत होऊन परत मिळाला.

सल्लागाराचं डोकं मात्र शांत होतं. बैठक संपल्यावर तो साहेबांना म्हणाला, "सर, माझ्याकडे दुसऱ्या एका कंपनीचा आकडा आहे. तुमच्यासारखाच माल, मस्त कमी आकडा. तोच थोडा इकडेतिकडे करून टाकून देतो. सगळे तेच करतात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी सही करणार नाही."

"मॅडम, आतापर्यंत तर केली."

"आतापर्यंत तो आकडा त्यांचा होता, आणि त्यांच्या पुस्तकातला आहे असं आपण लिहून देत होतो. आता दुसऱ्याचा आकडा आपला म्हणून सांगायचा म्हणता. मी मोजते. मला तीन महिने द्या."

साहेबांना ते आवडलं नाही. एवढ्या वर्षांत मी त्यांना सल्लागारासमोर नाही म्हटलं नव्हतं. पण त्या फाइलवर सही लागत होती, आणि सही करायला दुसरं कोणी पुढे येईना. ते म्हणाले, "करा. पण काम थांबायला नको."

मोजायचं म्हणजे काय, हे मलाही सुरुवातीला नीट ठाऊक नव्हतं. आमच्याकडे लोखंडी सळीची गुंडाळी येते, ती सोडवून आम्ही ओढतो, कापतो, डोकं ठोकतो, आटे पाडतो आणि शेवटी भट्टीत तापवून तेलात बुडवतो. त्याशिवाय बोल्टला ताकद येत नाही. भट्टी गॅसवर चालते. तीच भट्टी जर्मनीचा बोल्ट तापवते आणि ट्रॅक्टरवाल्यांचाही. अख्ख्या कारखान्याला विजेचं मीटर एक. गॅसचे सिलिंडर रांगेने लावलेले, रिकामे झाले की गाडी येऊन घेऊन जाते. कोणत्या मालाने किती खाल्लं, हे कोणीही सांगू शकत नव्हतं. कारण कोणी कधी विचारलं नव्हतं.

मी इलेक्ट्रिशियनच्या मागे लागून भट्टीच्या पंख्यांना आणि मोटारींना वेगळं मीटर बसवून घेतलं. सिलिंडर लावताना आणि काढताना काट्यावर चढवायचा नियम केला, कारण रिकामा म्हणून जाणाऱ्या सिलिंडरच्या तळाशीही गॅस उरलेला असतो. आणि भट्टीपाशी एक तक्ता चिकटवला: वेळ, सिलिंडरचं वजन, कोणता माल, किती किलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ता जागेवर नव्हता. मी नवा लावला. तोही गेला.

भट्टी चालवणारे काकाजी रामटेककडचे, गावी थोडी भाताची शेती. वय साठीला आलेलं. तीस वर्षं तीच भट्टी. आत पाहून ज्वाळेच्या रंगावरून ते तापमान सांगायचे, आणि मी यंत्रावर पाहिलं तर पाच-दहा अंशांचाच फरक निघायचा. मी त्यांच्याकडे गेले.

"काकाजी, तक्ता कोणी काढला?"

"मीच काढला." त्यांनी लपवलं नाही. "हे कागद इथं नोका लावू मॅडम."

"का?"

"काहून म्हणजे? भट्टी किती खाते ते लिहून राहिले तुमी. उद्या साहेब म्हणन, लय खाते, विजेची नवी आणा. तिले चालवाले बटन दाबणारा पोरगा पुरते. मंग मी कुठी जाऊ?"

त्यांना खोटा धीर देणं मला जमलं नाही. तसं होणारच नाही, हे मी कशाच्या जोरावर सांगणार होते? मी मोबाइल काढला आणि पुस्तकातला आकडा त्यांना दाखवला. हा काय आहे, कोणी धरला आहे, कशासाठी धरला आहे, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे कोन्त्या भट्टीचं हाय?"

"कोणत्याच भट्टीचं नाही. अंदाज आहे."

"म्हणजे माही भट्टी बिना पाहता लिहून टाकलं?"

"हो."

"बाप्पा!" काकाजी उठून उभे राहिले. "माही भट्टी एवढी खाते? त्याच्या बापानं पाह्यली का कधी? आणा तो कागद."

त्या दिवसापासून तक्ता काकाजींनीच सांभाळला. दुसऱ्या पाळीच्या माणसाने एक नोंद अंदाजाने टाकली, तर त्यांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं, "अंदाज लिहाचा असन तं युरोपात जाय गा."

तिसऱ्या आठवड्यात मला तक्त्यात एक गोष्ट खटकली. शनिवारी संध्याकाळची आणि सोमवारी सकाळची वजनं जुळत नव्हती. रविवारी कारखाना बंद, एकही बोल्ट तापत नाही, तरी गॅस भरपूर कमी झालेला. आधी मला वाटलं, कुठे गळती असेल. म्हणून रविवारी सकाळी मी स्कूटर काढली.

आई दारात उभी होती. "काहून वं, आज रविवारीबी?"

"भट्टी बघायला चालली."

"बंद कारखान्यात भट्टी कायले पाह्यते?"

मी तिला थोडक्यात सांगितलं. तिला कार्बन वगैरे कळण्याचं कारण नव्हतं, पण धरून चाललेला आकडा तिला लगेच कळला. आई कामठीला बिड्या वळायची. ठेकेदार तेंदूपत्ता आणि तंबाखू तोलून द्यायचा आणि एवढ्या पानांत एवढ्या बिड्या झाल्याच पाहिजेत असं सांगायचा. पानं अर्धी फाटकी, किडलेली असायची. बिड्या कमी भरल्या की बाईने पानं चोरली असं तो धरायचा. आई एकदा सगळी खराब पानं निवडून, एका फडक्यात बांधून घेऊन गेली आणि त्याच्याच तराजूत घालून त्याच्यासमोर तोलली. ही गोष्ट मी लहानपणी खूपदा ऐकली होती. त्या सकाळी तिने ती सांगितली नाही. एवढंच म्हणाली, "जाय मंग. डब्बा घेऊन जाय."

कारखान्यात काकाजी एकटेच होते, आणि भट्टी चालू होती. बारीक आचेवर, रिकामी.

"ही रविवारीही जळते?"

"मंग? थंडी झाली का विटा तडकते. साहेबाचा हुकूम हाय, विझू द्याची नाई. तीस वर्सं मी रईवारी येऊन पाहून जातो."

गळती नव्हती. आम्हीच दर रविवारी रिकामी भट्टी जाळत होतो. मी तिथेच हिशेब केला. आकडा चांगलाच वर जात होता. पुस्तकाइतका मुळीच नाही, पण मी मनात धरला होता त्याच्या पुष्कळ वर.

आम्ही तिथेच डबा खाल्ला. काकाजींनी विचारलं, हे लोक अजून कशाकशाचा धूर मोजतात? मी म्हटलं, धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, पाणी साचून राहिलं की त्यातूनही एक वायू निघतो, तोसुद्धा शास्त्रज्ञ मोजतात. त्यांचा घास हातातच राहिला.

"माह्या बांधीतून?"

"सगळ्यांच्याच."

"उद्या मले म्हणतीन का, तुमचा भात जास्त खराब हाय?"

"म्हणतील कदाचित."

"म्हणू द्या," काकाजी म्हणाले. "म्या आतापासून लिहून ठेवतो, पाणी कवा सोडलं न कवा काढलं."

सोमवारी मी सदरला गेले. साहेबांनी रविवारचा आकडा ऐकला आणि लगेच तोड काढली. "रविवारी उत्पादन नाही ना? मग तो गॅस बोल्टचा कसा? तो सोडून द्या."

"बोल्टसाठीच तर भट्टी तापती ठेवतो साहेब."

"मॅडम, तुम्ही आपल्या बाजूच्या की त्यांच्या?"

हा प्रश्न त्यांनी मला पूर्वीही एकदा विचारला होता. एका मोठ्या लॉटमध्ये केसाएवढे तडे होते, मी तो पास करायला नकार दिला होता. तो लॉट गेला असता तर पुढे काय झालं असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी त्याची आठवण करून दिली. म्हटलं, "तेव्हाही तुम्ही हेच विचारलं होतं. रविवार लिहिला जाईल. आणि कमी करायचा असेल तर काकाजींना विचारा, मला नाही."

साहेबांनी खरंच काकाजींना विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. काकाजी म्हणाले, एकदम विझवली तर विटा तडकतात. पण शनिवारी दुपारपासून दारं बंद ठेवून हळूहळू उतरवली आणि सोमवारी पहाटे हळूहळू चढवली तर काही होत नाही. हे त्यांना केव्हापासून ठाऊक होतं? "पहिल्यापासून," ते म्हणाले. "कोनं विचारलं कुठी?"

दुसऱ्याच खेपेला एक वीट तडकली. साहेबांचा फोन आला, मी ऐकून घेतलं. काकाजींनी आत हात घालण्याइतकी भट्टी थंड झाल्यावर स्वतः ती वीट बदलली. पुढे तडकली नाही.

आमच्या भिंतींच्या आतलं मोजून झालं. पण बोल्टमागच्या धुराचा मोठा वाटा आमच्या भट्टीचा नव्हताच. तो होता सळीचा, म्हणजे ज्या पोलाद कारखान्यातून आमची सळी येते त्याचा. तो कारखाना शेजारच्या जिल्ह्यात. मी त्यांना चार पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. मग एका सकाळी मी एसटीत बसले.

फाटकावरच्या माणसाने आत फोन केला आणि सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी म्हटलं, थांबते. फाटकाबाहेर टिनाच्या शेडखाली एक बाक होता. दुपार चढत गेली, टिन तापलं. त्याने मला दोनदा पाणी दिलं आणि दोनदा सांगितलं की आज काही होणार नाही. मी दोन्ही वेळा हो म्हटलं आणि बसून राहिले. शेवटी उत्पादन विभागाचे एक अधिकारी जेवायला बाहेर पडले, तेव्हा त्यांना थांबावंच लागलं.

"मॅडम, पोलाद कसं बनवतो ते कोणी बाहेर सांगतं का?"

"ते मला नकोच आहे. तुमच्या प्रत्येक गुंडाळीचा तुकडा कापून मी बावीस वर्षं बघत आले. तुमच्या पोलादात काय आहे ते मला तुमच्याइतकंच माहीत आहे. भंगार किती वितळवलं, वीज किती लागली आणि कोळसा किती जाळला, तेवढंच सांगा."

"आम्हाला कोणी विचारलेलं नाही."

"मी विचारते आहे ना. आणि उद्या ते विचारतील तेव्हा तुमच्याही पोलादाला पुस्तकातला आकडा लागेल. तुमची भट्टी विजेची आहे, तुम्ही बहुतेक भंगार वितळवता. पुस्तक धरून चालतं की तुम्ही सगळं दगडी कोळशावर करता. चालेल तुम्हाला?"

त्यांनी माझा नंबर घेतला, आपला दिला. आठवड्याने एक कागद आला. एक आकडा, खाली सही. त्यामागचा हिशेब नाही.

मे महिन्यात खरेदीदाराने आमचे आकडे तपासायला एक पडताळणीदार पाठवला. उंच, तांबूस चेहऱ्याचा मनुष्य. नागपूरच्या उन्हात त्याचा शर्ट गाडीतून उतरल्या उतरल्या ओला झाला. बोलणं इंग्रजीत. साहेबांनी मला बजावलं होतं, विचारेल तेवढंच सांगा.

त्याने काटा तपासला, मीटरचे कागद पाहिले, तक्त्यांची चळत चाळली. काकाजींना त्याने विचारलं, हा गॅस याच मालाला गेला हे कशावरून? मी मराठीत सांगितलं. काकाजी म्हणाले, "त्याले म्हणा, बस इथं माह्याजवळ एक पाळी." तो बसला. पूर्ण पाळी नाही, पण दोन तास बसला, भट्टीच्या झळीत, आणि काकाजींच्या प्रत्येक नोंदीशी आपली नोंद ताडून पाहिली.

मग त्याला माझी चूक सापडली. मी सळीचा धूर तयार बोल्टच्या वजनावर धरला होता. कापताना उरणारे तुकडे, भंगारात जाणारी टोकं, त्यांचं पोलादही आधी कुठेतरी वितळलेलंच असतं. ते मी मोजलंच नव्हतं. त्याने पेन्सिलने त्या ओळीवर टिचकी मारली. मी जे सगळ्यांना सांगत फिरत होते तेच मी स्वतः केलं होतं, सोयीचं तेवढं धरलं होतं, तेही नकळत. मी तिथेच बसून आकडा दुरुस्त केला. तो वाढला. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर त्याने पोलाद कारखान्याचा कागद उचलला आणि बाजूला ठेवला. "यामागे काही नाही. सळीसाठी पुस्तकातला आकडा घ्यावा लागेल."

साहेबांनी मान डोलावलीसुद्धा. मी म्हटलं, "एक मिनिट. या कागदामागे काही नाही म्हणून तुम्ही तो मानत नाही. बरोबर आहे, मीही मानला नसता. पण तुमच्या आकड्यामागे तरी कोणती भट्टी आहे? तुम्ही माझी चूक दाखवली, मी मान्य केली, आकडा वाढला तरी मान्य केली. आता तुम्हीही न बघता काही धरू नका. तो कारखाना इथून दोन तासांवर आहे. चला."

"मॅडम," साहेब हळूच म्हणाले.

"चला," मी पुन्हा म्हटलं.

पडताळणीदाराने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, त्यांनी आत येऊ दिलं तर जाऊ. मी त्या अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर फोन लावला. परदेशी माणूस येतो आहे म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा फाटक आधीच उघडं होतं. ज्या बाकावर मी सकाळपासून दुपारपर्यंत तापत बसले होते, त्याच्यासमोरून आमची गाडी न थांबता आत गेली. चहा झाला, बिस्किटं झाली. मी त्या अधिकाऱ्यांना म्हटलं, "मागच्या वेळी मी एकटी आले होते तेव्हा पाणीसुद्धा तुमच्या चौकीदाराने दिलं." ते ओशाळले. ओशाळायलाच हवं होतं. मी ते हसून सांगितलं नाही.

पण त्यांची पुस्तकं स्वच्छ होती. भंगाराची नोंद, कोळशाची नोंद, विजेची नोंद, सगळं होतं. फक्त कोणाला द्यायचं नव्हतं. पडताळणीदाराने दोन दिवस ती तपासली.

शेवटचा आकडा आला तो पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बराच खाली होता, आणि सल्लागाराच्या मस्त कमी आकड्यापेक्षा बराच वर. मला तो आवडला. तो आमचा होता, रविवारसकट आणि तुकड्यांसकट.

जर्मनीच्या बाईंनी ऑर्डर चालू ठेवली. वाढवली नाही. साहेबांनी माझं कौतुक वगैरे केलं नाही, पण भट्टी रविवारी उतरवायची हा नियम लेखी काढला आणि त्याखाली काकाजींची सही घेतली. विजेच्या भट्टीचा विषय अजून आमच्याकडे निघालेला नाही. निघेल. काकाजींना ते माहीत आहे.

मग एक दिवस एमआयडीसीतल्याच दुसऱ्या एका कारखान्यातून फोन आला. तिथल्या क्वालिटीच्या बाई विचारत होत्या, "मॅडम, या फाइलमध्ये 'रविवारची रिकामी भट्टी' असा रकाना आहे, तो कसा भरायचा? आमच्याकडे भट्टीच नाही." मी फाइल मागवून पाहिली. माझीच होती. सल्लागाराने कारखान्याचं नाव खोडून, आकडे थोडे इकडेतिकडे करून ती विकायला काढली होती. माझ्या स्पेलिंगच्या चुकासुद्धा तशाच होत्या.

मी त्याला फोन केला नाही. त्या बाईंना म्हटलं, शनिवारी दुपारी आमच्या कँटीनला या, आणि ज्यांना ही फाइल मिळाली असेल त्यांना घेऊन या. पहिल्या शनिवारी तिघं-चौघं आले. मी त्यांना काही शिकवलं नाही, भट्टीपाशी नेलं आणि काकाजींच्या हवाली केलं. पुढच्या शनिवारी अधिक आले. सल्लागाराचा साहेबांना फोन आला की तुमच्या मॅडम माझा धंदा बिघडवत आहेत. साहेबांनी मला निरोप दिला. मी कँटीनमध्ये दोन बाकं आणखी मागवली.

त्या शनिवारवाल्यांपैकी, आम्हाला धरून, पाच कारखाने त्याच पोलाद कारखान्याची सळी घेत होते. आम्ही पाचही जणांनी एकच पत्र लिहिलं: यापुढे प्रत्येक गुंडाळीबरोबर तिच्या धुराचा आकडाही पाहिजे, नाहीतर सळी दुसरीकडून घेऊ. माझ्या एकटीच्या चार पत्रांना उत्तर आलं नव्हतं. या पत्राला तिसऱ्या दिवशी आलं.

गेल्या महिन्यात नवी गुंडाळी आली. तिच्यासोबत नेहमीचा कागद होता, कार्बन इतका, मँगनीज इतकं, गंधक इतकं. खाली एक ओळ नवी होती. मी तो कागद घेऊन भट्टीकडे गेले. काकाजींनी चष्मा चढवला, आकडा वाचला, आणि बोट ठेवून विचारलं, "हे खरं हाय का त्यायचं?"

"माहीत नाही. मंगळवारी जाऊन बघणार आहे."

"मंग मीबी येतो," काकाजी म्हणाले, आणि तक्त्यावर वेळ लिहायला वळले.